सवडीचा धनी कोण?

तुळजापूरची भवानी वर्षांतून तीनदां निजते. भाद्रपदाच्या वद्य पक्षांत, नवरात्राच्या आधीं, तिची घोरनिद्रा असते. पौषांत, शाकंभरी नवरात्राच्या आधीं, मोहनिद्रा असते. आणि ह्या दोहोंच्या मध्यें, दसऱ्याचें सीमोल्लंघन झाल्यापासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, जी निद्रा ती घेते तिला श्रमनिद्रा म्हणतात. देवीची मूर्ति चल असल्यामुळें ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवितां येते. नऊ दिवस महिषासुराशीं झुंजून जी विजयी झाली, ती लगेच दुसऱ्या कामास हात घालीत नाहीं. ती दमलेली असते, म्हणून निजते. ह्यांत देवीच्या सामर्थ्यास कांहीं उणेपणा आला असें एकाही भक्तास वाटत नाहीं. विसांवा म्हणजे कामांत पडलेला खंड नव्हे, तर कामाचाच एक भाग होय, ही समजूत धाराशिव जिल्ह्यांत इतकी जुनी आहे.

ह्या श्रमनिद्रेचें आज स्मरण करण्याचें कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित घरांतून एका नव्या दुखण्याची भाषा ऐकूं येऊं लागली आहे. त्यास ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं अमेरिकेंत हा शब्द आपल्या निबंधांत वापरला, आणि २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगवर्गीकरणांत त्याची व्याख्या दिली. तो रोग नव्हे, नोकरीधंद्यांतून उपजणारी एक अवस्था आहे, असें संघटनेचें म्हणणें आहे. आणि शक्ति सरणें, कामाविषयीं मन विटणें व आपल्या हातून नीट कांहीं होत नाहीं असें वाटूं लागणें, हीं तिचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. यावर उपाय म्हणून कामाच्या वेळा व जागा लवचिक कराव्या, असें सर्वत्र सांगण्यांत येतें. उपाय खोटा नाहीं. परंतु वेत लवचिक असला तरी तो वांकविणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या मतें तोच मुख्य प्रश्न होय. मराठींत ह्या सबंध गोष्टीस ‘सवड’ असा सुरेख शब्द आहे. सवड कामकऱ्याच्या हातीं असली तर तिचा विसांवा होतो. धन्याच्या हातीं असली तर तीच अखंड राबणूक होते. हें आम्ही केवळ तर्कानें म्हणत नाहीं. धाराशिवच्या शेतांत, मुंबईच्या गिरण्यांत आणि उसाच्या फडांत जें घडलें, त्यावरून म्हणतों.

धाराशिवचा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांचा, कोरडवाहू शेतीचा आणि रब्बी ज्वारीचा. येथील कामास पूर्वीं घड्याळ नव्हतें, ऋतु होता. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यास रात्रीचा दिवस करावा लागे. पण पेर साधली कीं चार दिवस अंग टाकण्यास मोकळीक मिळे. जत्रा, लग्नकार्यें, पंढरीची वारी, हीं सारीं शेतीच्या कामांत ज्या फटी पडत त्यांत बसविलेलीं होतीं. कारागिराचेंही तसेंच होतें. ह्याच जिल्ह्यांतील तेर हें गांव प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत तेथून साधें कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच तेरांत पुढें संत गोरा कुंभार झाले. त्यांचें घर, अंगण, चाक, माती आणि विठ्ठलाचें नाम हीं सारीं एकाच जागीं होतीं. चाक केव्हां फिरवावें आणि केव्हां थांबवावें हें ठरविणारा दुसरा कोणी नव्हता.

ह्या ऋतुचक्रांत विसांव्याचे कांहीं दिवस पक्के ठरलेले असत. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचा खांदा हळद व तूप लावून चोळतात. त्यास खांदेमळण म्हणतात. वर्षभर ज्या जागीं जूं बसलें, नेमकी तीच जागा चोळावयाची, ह्यांत श्रमाची केवढी बारीक जाण आहे! मार्गशीर्षांतील अमावास्या हा तर धाराशिव व लातूर भागाचा खास सण. तिला वेळ अमावास्या, बोलींत येळवस, म्हणतात. कानडी मुलखांतील एळ्ळ अमावास्येशीं तिचें नातें आहे. त्या सुमारास ज्वारी शेतांत डोलत असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तींत पांडव म्हणून पांच दगड मांडतात, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असें जेवण शेतांतच होतें. ज्यास शेत नाहीं त्यासही कोणी ना कोणी आपल्या शेतावर जेवावयास बोलावितो, ही ह्या सणाची खरी शोभा होय.

तथापि ह्या चित्रांत नुसता सोनेरी रंग भरणें म्हणजे वाचकांची फसवणूक करणें होईल. ही सवड मुख्यतः ज्याचें शेत त्याची होती. सालगडी वर्षाच्या बोलीनें बांधलेला असे. निजामी अमलांत गांवच्या दलितांच्या माथीं वेठ होती. बायकांना तर सणाच्या दिवशीं चुलीचें काम अधिकच पडे. म्हणजे घड्याळ नव्हतें तेव्हांही प्रश्न हाच होता कीं, थांबण्याचा अधिकार कोणाचा?

यंत्राचें घड्याळ मराठी मुलखांत प्रथम मुंबईंत आलें. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची स्थापना केली व १८५६ पासून ती चालूं लागली. धाराशिवच्या शेजारीं सोलापुरासही १८७७ सालीं गिरणी निघाली. गिरणींतील दिवस सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबर मावळे. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून कामही मोठें. शेतांतही माणूस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होताच. मग फरक काय झाला? फरक हा कीं, शेतांत बैल दमला तर नांगर थांबे आणि त्याबरोबर माणूसही झाडाखालीं टेके. यंत्र दमत नव्हतें, म्हणून माणसानेंही दमूं नये अशी अपेक्षा उत्पन्न झाली. १८८१ चा पहिला कारखाने-कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. त्यानें लहान मुलांस दिवसाच्या नऊ तासांची मर्यादा व महिन्याच्या चार सुट्ट्या दिल्या. प्रौढांच्या तासांस किंवा सुट्टीस त्यानें हात लाविला नाहीं. ह्या कायद्यामागें सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सज्जनांची कळकळ होती, तशीच मुंबईच्या स्पर्धेनें धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची खटपटही होती, हें येथें सांगून टाकणें बरें.

प्रौढ कामगारांच्या वतीनें नारायण मेघाजी लोखंडे पुढें आले. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणींत नोकरी केलेले होते. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईंत कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें ५५०० सह्यांचें निवेदन सिद्ध केलें. दर रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहाच्या आधीं व सूर्यास्तानंतर काम नाहीं, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर दुखापत झाल्यास मदत, अशा त्यांत मागण्या होत्या. विश्रांतीच्या मागणीशेजारीं पगाराच्या तारखेची मागणी कां, असें कोणास वाटेल. परंतु ज्याचा पगार अडकून पडला आहे तो दमला तरी घरीं बसूं शकत नाहीं. थकलेल्या पगारानें माणूस कामास जखडला जातो. हें लोखंडे यांनीं बरोबर ओळखलें होतें. विसांव्याचा प्रश्न हा पैशाचाही प्रश्न आहे, हें त्या निवेदनावरून शिकण्यासारखें आहे.

सहा वर्षें गेलीं. १८९० च्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति सर्वांच्या हक्काची झाली. रविवार हा साहेबाचा वार, म्हणून ती साहेबाची देणगी, असें पुष्कळांस अजून वाटतें. पण लोखंडे यांनीं रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून, असें सांगतात. आणि ज्या जिल्ह्यांत अणदूर व नळदुर्ग हीं दोन गांवें खंडोबास आळीपाळीनें आपल्याकडे ठेवून घेतात, तेथील वाचकांस ह्यांतील मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

येथें एक विरोध दिसतो, त्याचा उलगडा केला पाहिजे. आम्ही सवडीची बाजू घेतों, आणि लोखंडे यांनीं तर मागितली ठराविक वाराची, ठराविक तासांची चौकट. पण विरोध वरवरचा आहे. जेथें वेळ सर्वस्वी मालकाच्या हातीं आहे, तेथें चौकट हेंच कामगाराचें पहिलें संरक्षण असतें. ह्याचा पुरावा लवकरच मिळाला. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही मोडली. १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालूं लागल्या. मग १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांस दिवसाच्या बारा तासांची, आणि १९२२ च्या कायद्यानें आठवड्याच्या साठ तासांची मर्यादा घालावी लागली. दिव्याची जी गत, तीच आजच्या खिशांतील दूरध्वनीची आहे. प्रत्येक नवें साधन प्रथम काम सुलभ करितें आणि मागाहून त्याची सीमा पुसतें.

मात्र चौकटीनें सगळें भागलें नाहीं. गिरणीकामगार वर्षांतून एकदां गांवीं जाई. पेरणीस, सुगीस, लग्नास, शिमग्यास किंवा नुसता अंगांतला शीण घालविण्यास. मालक त्यास गैरहजेरी म्हणत आणि कामगार आळशी ठरे. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत निराळें मत दिलें. कामगाराचें गांवाशीं असलेलें नातें तोडूं नये, तें हिताचें आहे. त्यास ठराविक मुदतीची रजा मागण्यास उत्तेजन द्यावें, आणि वेळेवर परतल्यास जुनी जागा मिळेल असें वचन देऊन पाठवावें, असा त्या मताचा आशय होता. आजच्या भाषेंत हीच लवचिकता! तोंपर्यंत लवचिकता होती ती वेगळीच होती. बदली कामगार सकाळीं गिरणीच्या फाटकाशीं येऊन उभा राही. जॉबरची मर्जी असली तर त्या दिवसाचें काम, नाहीं तर रिकामा हात. कामाच्या दृष्टीनें ह्याहून लवचिक व्यवस्था कोणती? पण ती लवचिकता जॉबरची होती. पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें सांभाळीत असतां, १९४५ च्या दुरुस्तीनें कारखान्यांतील कामगारांस पगारी रजेचा हक्क मिळाला व १९४६ च्या दुरुस्तीनें आठवड्याचे तास ४८ झाले. गांवीं गेला म्हणून जो गुन्हेगार ठरे, तो आतां पगार घेऊन जाऊं लागला. सवड त्याच्या हातीं आली ती अशी.

ह्यांतील बहुतेक काळ धाराशिव निजामाच्या राज्यांत होतें, आणि पुढें सरकारी कागदांत त्याचें नांव उस्मानाबाद झालें. तेथील कचेऱ्यांस शुक्रवारची सुट्टी असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानाची निजामी राजवट संपली. पुढें शुक्रवार जाऊन रविवार आला. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि २०२३ सालीं त्यास धाराशिव हें नांव पुन्हां मिळालें. राज्यें बदललीं, आठवड्याचा वार बदलला, जिल्ह्याचें नांव बदललें. वेळ अमावास्या मात्र होती तेथेंच राहिली. त्या दिवशीं बाजारपेठ ओस पडते, शहरांतले लोक शेतांत जातात. जिल्हाधिकाऱ्यांस वर्षांतून कांहीं स्थानिक सुट्ट्या जाहीर करण्याचा अधिकार असतो, आणि ह्या भागांत त्यांतील एक वेळ अमावास्येस दिली जाते. लोकांनीं सुट्टी आधीं घेतली आणि सरकारनें तिच्यावर शिक्का मागाहून मारला. आमच्या पाहण्यांत सवडीचें ह्याहून चांगलें उदाहरण नाहीं.

पण त्याच अमावास्येच्या दिवशीं ह्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें आपल्या शिवारांत नसतात. दिवाळीच्या सुमारास तीं ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गेलेलीं असतात, तीं उन्हाळा लागतां लागतां परततात. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती मोळ्या बांधून फेडावयाची. ह्या कामास भोंगा नाहीं, हजेरीचा तास नाहीं; पहाटेच्या अंधारांत तोड सुरू होते, आणि रात्रीं वाहन आलें तर उठून तें भरावें लागतें. वरवर पाहतां ह्याहून मोकळें काम नाहीं. मोबदला तर नगावर, म्हणजे टनावर. तरी त्यांत सवड म्हणून नाहीं, कारण एक दिवस पडून राहिल्यास खाडा धरतात आणि तो अंगावर चढतो. लोखंडे यांच्या काळीं थकलेला पगार माणसास बांधी. येथें आगाऊ घेतलेला पैसा बांधतो. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या प्रमाणांत काढण्यांत आल्याचें उघडकीस आलें, तेव्हां २०१९ सालीं राज्य सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाहीं, हें त्या प्रकरणांत पुढें आलेलें एक कारण होतें. थकण्याचा अधिकार नसला म्हणजे माणूस कोणत्या थरास जातो, हें ह्याहून स्पष्टपणें कोणी सांगावयास नको.

ह्याच मुलखांत उलट उदाहरणही आहे. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील माणसें खडी फोडण्यास गेलीं. त्या अनुभवांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. तेथेंही मोबदला बहुधा कामाच्या मापावर होता. पण काम मागणें मजुराच्या हातीं होतें, डोक्यावर उचल नव्हती, आणि कामावर पाणी, सावली व लेंकरांसाठीं पाळणाघर द्यावें असा नियम होता. अंमलबजावणींत उणिवा पुष्कळ राहिल्या. तरी घरचें शेत, लेंकरूं आणि मजुरी यांचा मेळ बाईनें आपल्या सोयीनें घालावा, एवढी सवड त्या योजनेंत कागदावर तरी होती.

आतां सुशिक्षितांच्या कचेरीकडे वळूं. महाराष्ट्र सरकारनें आपल्या कर्मचाऱ्यांस २९ फेब्रुवारी २०२० पासून पांच दिवसांचा आठवडा दिला. त्याबरोबर रोजचें काम ४५ मिनिटांनीं वाढलें. हा व्यवहार उघड व मोजलेला होता, म्हणून आम्हांस तो सरळ वाटतो. पुढच्याच महिन्यांत करोनाची टाळेबंदी आली आणि खाजगी नोकरींतील कितीएक तरुण घरून काम करूं लागले. मुंबई-पुण्याचीं मुलें लातूर-धाराशिवच्या घरांत संगणक मांडून बसलीं. जाण्यायेण्याचा शीण वांचला, आईबापांचा सहवास मिळाला, हा लाभ खराच. पण कचेरीस कुलूप लागत असे तें आतां लागेना. गोरोबांच्या अंगणाप्रमाणें घर आणि काम पुन्हां एका जागीं आलें. मात्र गोरोबांचें भान हरपलें तें विठ्ठलाच्या नामांत, आणि ह्यांचें हरपलें तें वरिष्ठाच्या संदेशांत. २०२५ च्या सप्टेंबरांत राज्याच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाचे तास नवावरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हां आठवड्याची ४८ तासांची मर्यादा राखून कामगाराची लेखी संमति आवश्यक ठरविली. चार दिवस अधिक राबून तीन दिवस मोकळे मिळावे, हें कित्येकांस आवडेलही. परंतु जो नकार देऊं शकतो त्याचीच संमति खरी असते. उचल घेतलेल्याची, कर्जाच्या हप्त्यानें वांकलेल्याची, फाटकाशीं उभ्या असलेल्या बदलीची सही ही संमति नव्हे.

ह्या सगळ्या इतिहासाचें सार आम्हांस असें दिसतें कीं, सीमा कायद्याची असावी आणि त्या सीमेच्या आंतील सवड कामकऱ्याची असावी. नुसती सीमा असली तर लग्नाच्या, सुगीच्या, आजारी आईच्या दिवशींही भोंगा वाजतच राहतो. नुसती सवड असली तर बलवान पक्ष ती आपल्याकडे ओढून घेतो. ज्या घरांतील मुलगा किंवा सून आज नोकरींत कोमेजत आहे, त्या घरानें ‘तुला रजा आहे ना?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ती रजा मागतांना भय वाटतें काय, घेतल्यावर ती निर्वेध राहते काय, परत गेल्यावर जागा व मान तोच असतो काय, हेंही विचारावें. आणि त्याच घरांत जी बाई भांडीं घासावयास येते, तिलाही हेच प्रश्न विचारण्याचें धैर्य दाखवावें. कारण तेथें धनी आपणच आहों.